संगीतशिक्षिकेची सुभद्रा: रंगमंच, तालीम आणि वर्ग

रत्नागिरी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत संगीत शिकवणाऱ्या शिक्षिकेचा प्रश्न आहे. गावातील हौशी मंडळींनी अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ हे नाटक बसवायचे ठरवले असून सुभद्रेची भूमिका आणि सर्व पदांची तालीम ही दोन्ही कामे त्यांच्याकडे आली आहेत. ती एकाच वेळी स्वीकारावीत का, विशारद या शास्त्रीय संगीताच्या परीक्षेपर्यंत झालेल्या शिक्षणाचा रंगमंचावर कितपत उपयोग होईल, आणि याच निमित्ताने आठवी-नववीच्या मुलांना नाट्यसंगीत शिकवायचे तर सुरुवात कोठून करावी, असे त्यांनी विचारले आहे. मी बरीच वर्षे गायनाचे वर्ग घेत आले आहे, हौशी संगीत नाटकांत भूमिका केल्या आहेत आणि इतरांची पदे बसवली आहेत. त्या अनुभवावरून लिहिते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण उरलेले सगळे त्यावर अवलंबून आहे. दोन्ही कामे घ्या, पण दोन्ही एकाच वेळी करू नका. तालमीच्या पूर्वार्धात तुम्ही शिक्षिका असा आणि उभ्या तालमी, म्हणजे हालचालींसह होणाऱ्या तालमी, सुरू झाल्या की तो अधिकार ऑर्गनवर (पायपेटीवर) बसणाऱ्या व्यक्तीकडे सोपवून केवळ सुभद्रा व्हा. ज्या क्षणी तुम्ही सुभद्रेची मैत्रीण कुसुमावती हिच्याशी बोलता बोलता अर्जुनाचा कोमल निषाद चढा लागला की उतरा हे ऐकू लागाल, त्या क्षणी सुभद्रा रंगमंचावर नसेल, आणि गंमत अशी की प्रेक्षकांना ते तुमच्या आधी कळेल.

आपल्या रंगभूमीवर गुरू आणि नट यांचे नाते नेहमी एकाच प्रकारचे राहिलेले नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. भास्करबुवा बखले लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत गात असत. वयात येताना आवाज फुटला, तेव्हा ते काम थांबले आणि ते बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नथ्थन खाँ आणि पुढे अल्लादिया खाँ यांच्याकडे ख्याल शिकले. रंगभूमीकडे ते परतले ते गुरू म्हणून. 1916 साली खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ नाटक आले तेव्हा रुक्मिणी बालगंधर्वांची होती आणि चाली बुवांच्या. बुवा तालमीच्या खोलीत होते, पडद्याच्या पुढे नव्हते. गोविंदराव टेंब्यांनी 1911 च्या ‘मानापमाना’ला चाली दिल्या आणि पुढे स्वतः तोंडाला रंगही लावला. मास्तर कृष्णराव बालनट म्हणून आले आणि चाली देणारे म्हणून मोठे झाले. पंडित राम मराठे यांनी 1963 च्या ‘मंदारमाले’ला संगीतही दिले आणि त्यात कामही केले. जयमाला शिलेदारांनी स्वतःच्या भूमिका सांभाळत पुढच्या पिढीला पदे शिकवली. तेव्हा शिक्षकाने रंगमंचावर जावे की न जावे, असा नियम परंपरेत शोधू नये. मात्र राम मराठ्यांसारख्यांच्या मागे साथीदारांची जी पक्की फळी असे, ती हौशी संस्थेत नसते. तेथे हार्मोनियम वाजवणारा गृहस्थ बँकेतून सुटून सात वाजता येतो आणि तबलजी दोन संस्थांत विभागलेला असतो. म्हणून कामाची वाटणी आधी ठरवलेली बरी.

आता विशारदपर्यंतच्या शिक्षणाविषयी. त्याचा उपयोग होतोच. रागाची जाण, तालाचा भरवसा आणि सूर लावण्याची सवय नसेल तर नाट्यपद उभेच राहत नाही. अडचण वेगळ्या ठिकाणी येते. वर्गात आपण गाणे शून्यातून सुरू करतो. तंबोरा जुळतो, षड्ज लागतो, डोळे मिटतात, मग मुखडा येतो. नाटकात पदाच्या आधी कोणीतरी काहीतरी बोललेले असते, आणि पद हे त्या बोलण्याचे उत्तर असते. नाट्यपदाची सगळी तालीम या एका गोष्टीभोवती रचावी, असे माझे मत आहे. पदाच्या आधीची दोन वाक्ये आणि नंतरचे एक वाक्य यांच्यासह जे पद बसवले जात नाही, ते बसलेले नाही. ते फक्त पाठ झालेले आहे.

तुमच्याच भूमिकेतले उदाहरण घेऊ. ‘वद जाऊ कुणाला शरण, करी जो हरण संकटाचे, मी धरिन चरण त्याचे, अग सखये’ हे पद जवळपास प्रत्येक गायनवर्गात शिकवले जाते आणि जवळपास प्रत्येक वर्गात ते एक करुण गीत म्हणून शिकवले जाते. बलरामदादाने आपले लग्न दुर्योधनाशी ठरवले आहे, मन अर्जुनापाशी आहे, घरात कोणाशी बोलण्याची सोय नाही, आणि समोर मैत्रीण उभी आहे, अशी ही जागा आहे. ‘वद’ हे त्या मैत्रिणीला उद्देशून आहे आणि ‘अग सखये’ हेही. सुभद्रा येथे विलाप करत नाही, ती प्रश्न विचारते आहे आणि तिला उत्तर हवे आहे. हे एकदा ध्यानात आले की गाण्याचा वेग, नजर आणि श्वास तिन्ही बदलतात. श्वासाचे तर फारच महत्त्वाचे. शरण, हरण, चरण या यमकांच्या ओढीने पुष्कळ विद्यार्थिनी ‘शरण करी’ एका श्वासात घेतात आणि ‘जो हरण संकटाचे’ दुसऱ्या. शब्द सगळे येतात, वाक्य मात्र मोडते. श्वास ‘शरण’पाशी घ्यावा आणि ‘करी जो हरण संकटाचे’ हा भाग अखंड म्हणावा. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या पदांत अन्वय नेहमीच इतका सरळ नसतो, म्हणून प्रत्येक पद गाण्याआधी त्याचे साध्या गद्यात एक वाक्य करून विद्यार्थ्याकडून म्हणवून घ्यावे. ज्याला ते करता येत नाही, त्याच्याकडून मी पेटी बंद करून पुन्हा शब्द वाचून घेते.

गद्याकडून पद्याकडे जाण्याच्या जागेसाठी एक तंत्रही शिकावे लागते, आणि ते कोणत्याही परीक्षेत विचारले जात नाही. शेवटचे वाक्य संपते आणि पद सुरू होते, त्या फटीत नट ‘सा’ शोधत थांबला तर प्रसंग तेथेच गळतो. जुन्या मंडळींची पद्धत अशी, की ऑर्गनवाला शेवटच्या वाक्याच्या मध्यावरच हलकेच षड्ज धरतो आणि नट आपले बोलणे त्या सुराकडे झुकवत आणतो. वाक्याचा शेवटचा शब्द जवळजवळ षड्जावर पडतो आणि तेथूनच मुखडा उचलला जातो. याचा सराव वर्गात सहज होतो. विद्यार्थ्याला एकदा षड्ज द्यावा, पेटी बंद करावी, दोन मिनिटे त्याला संवाद बोलू द्यावा आणि मग कोणताही आधार न देता पद उचलायला सांगावे. पहिल्या ओळीनंतर पेटीशी ताडून पाहावे. सुरुवातीला बहुतेकांचा सूर वर सरकलेला आढळतो, कारण आवेशाने बोलताना आवाज चढतो. काही आठवड्यांत तो स्थिरावतो, आणि याचा फायदा ख्यालगायनातही दिसतो, कारण सूर कानात राहतो, तो पेटीच्या स्वाधीन राहत नाही.

पट्टीचा, म्हणजे पेटीवरचा कोणता स्वर षड्ज मानून गायचे याचा, प्रश्न हौशी प्रयोगांत सर्वांत जास्त त्रास देतो. बालगंधर्वांच्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करत, त्यामुळे एका नाटकातल्या सगळ्या गायकांच्या पट्ट्या एकमेकींच्या जवळ असत. आज अर्जुन काळी एक किंवा दोनमध्ये गातो आणि सुभद्रा काळी चार किंवा पाचमध्ये. काळी एक आणि काळी चार यांत पंचमाचे अंतर आहे. म्हणजे त्याचा पंचम तो तुमचा षड्ज. एकेकट्याच्या पदांना त्याने काही बिघडत नाही, ऑर्गनवादक पट्टी बदलतो. पण लागोपाठ दोन पदे दोन पात्रांची असतील तर दुसऱ्या पात्राच्या कानात अजून पहिल्याचा षड्ज घुमत असतो आणि तेथे हमखास घसरण होते. अशा जागा संहितेवर लाल पेन्सिलीने आधीच खुणावून ठेवाव्यात आणि त्यांची तालीम वेगळी घ्यावी. दोघांनी मिळून गायचे असेल तर मधली पट्टी शोधावी लागते. सहसा पुरुषाने काळी दोनपर्यंत चढावे आणि स्त्रीने वरच्या सप्तकाचा हट्ट सोडून पांढरी पाच किंवा काळी तीनपर्यंत उतरावे, आणि तरीही अंतर राहिले तर एकाच्या मध्यमाला किंवा पंचमाला दुसऱ्याने षड्ज मानून चालीचा तेवढा भाग पुन्हा बांधावा. ध्वनिमुद्रिकेत जी पट्टी ऐकली तीच आपली, हा आग्रह सर्वप्रथम सोडावा. शिक्षकाने स्वतःच्या पट्टीत सर्वांना शिकवणे हा त्याच आग्रहाचा दुसरा प्रकार, आणि तो आपल्या वर्गांत फार बोकाळलेला आहे.

साथीदार कोठे बसतात, यावरही बरेच अवलंबून आहे. पूर्वी ऑर्गन आणि तबला रंगमंचासमोर खालच्या बाजूस असत, नट त्यांना पाहू शकत असे आणि तेही नटाचे ओठ पाहू शकत. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान तिरखवाँ तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर बसत, तेव्हा साथ हाही प्रेक्षकांच्या आनंदाचा भाग होता. अलीकडे अनेक प्रयोगांत साथीदारांना विंगेत बसवतात आणि ध्वनिक्षेपकावर सगळे सोडतात. शक्य असेल तर हे टाळा. विंगेत बसलेल्या तबलजीला नट थबकला आहे की श्वास घेतो आहे हे दिसत नाही, आणि मग पदात जो जिवंतपणा क्षणभर थांबण्याने येतो, तो निघून जातो.

नाटक किती कापावे, हा विषय निघाला की मंडळींत वाद होतात, तेव्हा माझे मत स्पष्टपणे नोंदवते. किर्लोस्करांच्या संहितेत पदांची संख्या इतकी आहे की तीन तासांत सगळी म्हणणे अशक्यच. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांसाठी ती लिहिलेली होती. कात्री लावताना बहुतेक संस्था प्रसिद्ध पदे ठेवतात आणि साक्या, दिंड्या काढून टाकतात, कारण त्यांत गाण्याला वाव नाही असे त्यांना वाटते. मी याच्या उलट करते. साकी आणि दिंडी हे कथा पुढे नेणारे छंद आहेत. एकोणीस मात्रांची दिंडी अर्ध्या मिनिटात जी माहिती आणि जो भाव पोहोचवते, त्याला गद्यात अर्धे पान लागते. नाटकातून त्या गेल्या की उरतात लांबलचक संवाद आणि त्यांच्यामध्ये अधूनमधून मैफल. त्यापेक्षा एखादे वर्णनपर मोठे पद पूर्ण वगळावे, लोकप्रिय पदांचा विस्तार तीन-चार आवर्तनांवर रोखावा आणि साक्या-दिंड्या ठेवाव्यात. त्या म्हणणारा नट बेताच्या आवाजाचा असला तरी चालतो, ही हौशी संस्थेसाठी आणखी एक सोय.

आलाप-तानांचेही असेच. प्रसंग तापलेला असताना तान येऊ शकते, कारण तेव्हा शब्द अपुरे पडतात. पण समोरचे पात्र उत्तराची वाट पाहत उभे असताना चार आवर्तने तान घेणे म्हणजे त्या पात्राला रंगमंचावर बेकार करणे. पद संपवतानाही काळजी घ्यावी. प्रत्येक पदाच्या शेवटी तिहाई (तोच तुकडा तीनदा) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आदळण्याची सवय मैफलीतून येते. टाळी मिळते, पण पुढचे वाक्य बोलणाऱ्याला ती विझण्याची वाट पाहावी लागते. निदान निम्मी पदे अशी सोडावीत की शेवटची ओळ हळूच बोलण्यात विरघळेल. ‘वन्स मोअर’ आला तर पुन्हा गावे, ती आपल्या प्रेक्षकांची रीत आहे आणि तिचा मला राग नाही. मात्र पुन्हा गाताना मुखड्यापासून न गाता अंतऱ्यापासून उचलले तर प्रसंगाचा धागा सुटत नाही.

चाली बांधणाऱ्यांनी या प्रश्नाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी 1964 मध्ये ‘मत्स्यगंधा’ला संगीत दिले तेव्हा नाटक बदललेले होते, प्रेक्षकांच्या हातात वेळ कमी होता, आणि त्यांनी चाली अशा बांधल्या की भाव पहिल्या दोन ओळींतच उभा राहावा. ‘गर्द सभोवती रान साजणी’ या पदात अरण्याचे वातावरण आणि मत्स्यगंधेचे मन दोन्ही चालीतच आहेत, त्यासाठी गायिकेने वेगळा विस्तार करण्याची गरज राहत नाही. जुन्या पदांत विस्ताराची जागा मोकळी ठेवलेली असे, नव्यांत रचनाच अधिक पक्की असते. ‘सौभद्र’ करताना ‘मत्स्यगंधे’ची शिस्त वापरावी आणि ‘मत्स्यगंधा’ करताना ‘सौभद्रा’चा मोकळेपणा थोडासा उसना घ्यावा, असे मी विद्यार्थ्यांना सांगते. शुद्धतावादी मंडळींना ते आवडत नाही.

आता वर्गाकडे येते. नाट्यसंगीत हा गायनवर्गाच्या शेवटी दहा मिनिटांत उरकायचा गोड पदार्थ मानला जातो. त्याऐवजी रागाच्या शिक्षणातच त्याला जागा द्यावी. भूप आणि देसकार या जोडीने हे फार सुंदर साधते. दोन्ही रागांत तेच पाच स्वर, सा रे ग प ध. भूपात गंधार वादी (मुख्य स्वर) आणि चलन पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात), देसकारात धैवत वादी आणि चलन उत्तरांगात, हे मुले वहीत लिहितात आणि विसरतात. त्याऐवजी ‘स्वयंवरा’तले ‘सुजन कसा मन चोरी’ हे भूपातले पद आणि ‘सौभद्रा’तले ‘प्रिये पहा’ हे देसकारातले पद लागोपाठ ऐकवावे. दुसऱ्यात श्रीकृष्ण रुक्मिणीला रात्र सरून पहाट होत असल्याचे दाखवतो आहे. देसकार सकाळचा राग का, याचे उत्तर त्या प्रसंगातच मिळते. धैवतावर येऊन थांबणारी ती ओळ एकदा गायली की भूपातली गंधाराची बैठक आपोआप वेगळी जाणवते. परीक्षेच्या तोंडी भागातही मुले मग न अडखळता उत्तरे देतात.

थोड्या मोठ्या विद्यार्थ्यांना ‘स्वयंवरा’तली पदे बंदिशींच्या शेजारी ठेवून शिकवावीत. ‘नाथ हा माझा’ यमनात, ‘मम आत्मा गमला हा’ बिहागात, ‘स्वकुलतारकसुता’ भीमपलासात. हे राग अभ्यासक्रमात असतातच. भास्करबुवांनी ख्यालातल्या बंदिशींचे साचे घेऊन मराठी शब्द त्यांत कसे बसवले, कोणत्या अक्षरावर सम आणली, हिंदी बोलात जेथे स्वर लांबतो तेथे मराठीत जोडाक्षर आले तर काय केले, हे शोधायला लावले की मुले रागाकडे निर्माता म्हणून पाहू लागतात. त्याहून पुढच्यांसाठी 1967 च्या ‘कट्यार काळजात घुसली’तले ‘घेई छंद मकरंद’ आहेच. तेच शब्द नाटकात दोन वेगळ्या चालींत येतात, एक नाटकातल्या पंडितजी या पात्राच्या गायकीची आणि दुसरी त्यांचे प्रतिस्पर्धी खाँसाहेब यांच्या. घराणे म्हणजे काय, हे व्याख्येने सांगण्यापेक्षा या दोन चाली म्हणवून घेणे कितीतरी सोपे जाते. या नाटकाचा विषयच विद्या कोणाला द्यावी आणि कोणी नाकारावी हा असल्याने शिक्षकांनी ते विद्यार्थ्यांबरोबर आवर्जून वाचावे.

ध्वनिमुद्रिकांबद्दल एक सावधगिरी बाळगावी. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटेच मावत, म्हणून बालगंधर्वांची किंवा मास्टर दीनानाथांची जी पदे आपण ऐकतो, ती त्या मापात बसवलेली आहेत. मुले ती जशीच्या तशी, खटके-मुरक्यांसह आणि कधीकधी तबकडीच्या घाईसह उचलतात. ऐकावे जरूर, पण आधी शिक्षकाकडून साधी चाल घ्यावी, ती नोटेशनसह पक्की करावी आणि मग ध्वनिमुद्रण ऐकावे; क्रम उलटा झाला की नक्कल सुटत नाही. विशेषतः बालगंधर्वांचा लाडिक उच्चार ही त्यांच्या गळ्याची आणि भूमिकेची गोष्ट आहे, बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडी ती कृत्रिमच वाटते.

तुमच्या आठवी-नववीच्या वर्गासाठी सुरुवात समूहाने करावी. ‘शाकुंतला’ची ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही नांदी सर्वांनी मिळून म्हणण्यासारखी आहे. शब्द अवघड असल्यामुळे उच्चारांची चांगली कसरत होते आणि कोणाच्याही एकट्याच्या आवाजावर भार येत नाही. तिच्यानंतर दोन दिंड्या आणि दोन साक्या घ्याव्यात. टाळीवर मात्रा मोजत छंद म्हणायला शिकल्यावर मुलांना स्वतःच्या विषयावर दिंडी लिहायला सांगा. शाळेच्या डब्यावरची दिंडीसुद्धा चालेल, मात्रा मात्र चुकता कामा नये. मराठीच्या शिक्षकांनाही यात ओढून घेता येते. नंतर गोविंद बल्लाळ देवलांच्या 1899 च्या ‘शारदे’तला एखादा प्रवेश घ्यावा. ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ या पदातला उपरोध या वयाच्या मुलांना लगेच कळतो, चाल सोपी आहे, आणि जरठ-बाला विवाहाचा विषय इतिहासाच्या तासाशी जोडता येतो. स्नेहसंमेलनात अख्खे नाटक करण्याच्या मोहात पडू नका. पंधरा-वीस मिनिटांचा एक प्रवेश, संवादासकट आणि पेटी-तबल्याच्या जिवंत साथीवर, ट्रॅक लावून गायलेल्या दहा पदांपेक्षा मुलांना अधिक देऊन जातो. ट्रॅक थांबत नाही, आणि नाटकात थांबता आले पाहिजे.

या वयातल्या मुलग्यांकडे मात्र वेगळे लक्ष द्यावे लागते. आवाज फुटण्याचा काळ साधारण याच इयत्तांत येतो आणि महिन्याभरापूर्वी काळी तीनमध्ये गाणारा मुलगा आज काळी एकमध्येही चिरकतो. मुले त्याला हसतात, पालकांना वाटते गळा गेला, आणि पुष्कळ मुलगे येथेच गाणे सोडतात. अशा मुलाला पद न देता सूत्रधाराचे गद्य, नारदाचे संवाद किंवा तबला-झांजेची साथ द्यावी. वर्गात त्याने खालच्या सप्तकात, कमी पल्ल्याचे आणि हलक्या आवाजात गात राहावे आणि पट्टी दर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावी. भास्करबुवांची गोष्ट अशा मुलांना जरूर सांगावी. फुटलेल्या आवाजामुळे मंडळीतले काम गेलेला मुलगा पुढे ज्यांच्याकडे साऱ्या रंगभूमीने शिकावे असा गुरू झाला.

तुमच्या स्वतःच्या गळ्याविषयीही लिहायला हवे, कारण शाळेतल्या संगीतशिक्षिकेचा गळा दिवसभर बोलण्यातच थकलेला असतो. गाण्यापेक्षा संवादांनी आवाज लवकर बसतो, हे रंगमंचावर गेल्यावरच कळते. गाताना आपण श्वास आणि पट्टी सांभाळतो. बोलताना, विशेषतः शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याच्या नादात, गळ्यावर जोर देतो. संवादांची तालीम आणि पदांची तालीम शक्यतो वेगळ्या दिवशी ठेवा, आणि संवादही आपल्या षड्जाच्या आसपास, पोटातून श्वास घेऊन बोलण्याची सवय लावा. प्रयोगाच्या आठवड्यात शाळेच्या तासांना तुम्ही गाऊन दाखवू नका. पेटीवर स्वर द्या आणि मुलांकडून गाऊन घ्या. रंगीत तालमीच्या दिवशी पूर्ण आवाजात सगळी पदे म्हणण्याचा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे नकार द्या. प्रवेश-निर्गम, पट्ट्या आणि पोशाख यांची ती तालीम आहे. कमरपट्टा आणि नऊवारी यांत श्वास कितपत घेता येतो, हे मात्र त्याच दिवशी नीट पाहून घ्या, कारण करकचून बांधलेल्या कमरेने तुमचा अंतरा अर्ध्यावर तोडलेला असेल तर प्रयोगाच्या रात्री उपाय नसतो.

परवानग्यांचे काम लवकर उरका. किर्लोस्कर, देवल, गडकरी यांच्या नाटकांवर आता स्वामित्वहक्क उरलेला नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी तो संपतो, त्यामुळे 1948 मध्ये निवर्तलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची नाटकेही मोकळी आहेत. ‘मत्स्यगंधा’चे कानेटकर, शिरवाडकर, ‘कट्यार’चे दारव्हेकर यांची नाटके करायची असतील तर मात्र वारसांची लेखी परवानगी लागेल, आणि अभिषेकींच्या चालींबद्दलही वेगळी विचारणा करावी लागेल. सार्वजनिक प्रयोगासाठी महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. ‘सौभद्रा’ची संहिता तुम्ही कापून नव्याने जुळवणार असाल तर प्रत्यक्ष प्रयोगाची संहिता टंकलिखित करून अर्जासोबत जोडा. तीच प्रत ऑर्गनवादकाला, तबलजीला आणि प्रॉम्प्टरला द्या, आणि प्रत्येक पदाच्या समासात पट्टी, ताल आणि किती आवर्तने गायची, एवढे लिहून ठेवा.